फुटीचा प्रीसीझन आणि आपली पोरं: आईबाबा विचारतात ते सगळे प्रश्न

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट, पॉइंट कुककडे आपली एवढी मराठी मंडळी राहायला आलीयत की आता दर जानेवारीत मला तेच तेच मेसेज येतात. ताई, क्लबमधून ट्रेनिंगचा ईमेल आलाय, हे काय असतं, पोराला झेपेल का, पळता पळता मरेल ना ते उन्हात. मी डॉक्टर नाही, फिजिओ पण नाही. साताऱ्यात शाळेत असताना खो-खो खेळायचे, इथे आल्यावर पोरांमुळे फुटीत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, ओढली गेले आणि आता मुलांच्या टीमचं वॉर्मअप आणि ताकदीचे व्यायाम घेते, एवढंच. फिजिओकडून शिकले ते आणि स्वतः चुकून शिकले ते, दोन्ही इथे टाकतेय.

प्रीसीझन म्हणजे काय आणि तो नक्की कधी असतो?

लहान मुलांच्या मॅचेस साधारण एप्रिल ते ऑगस्ट. त्याच्या आधी अंग तयार करायचे जे महिने ते प्रीसीझन. किती महिने हे वयावर आहे. ऑसकिकच्या (सर्वात लहानग्यांचा फुटी कार्यक्रम) चिल्ल्यापिल्ल्यांना काहीच नसतं, त्यांनी नुसतं यायचं आणि बॉलमागे धावायचं. बारापर्यंतची मुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करतात, चौदाच्या पुढची जानेवारीअखेर, आणि ज्यांना कोट्स टॅलेंट लीगमध्ये (अठराखालच्या निवडक पोरांची लीग), म्हणजे इकडे वेस्टर्न जेट्सच्या टीमकडे वगैरे जायचंय त्यांचं नोव्हेंबरलाच चालू होतं, मध्ये ख्रिसमसची सुट्टी आणि जानेवारीत परत. मोठ्या, म्हणजे एएफएल ह्या देशातल्या सर्वात वरच्या लीगमधल्या, क्लबांचंही साधारण असंच.

एवढं पळायचं कशाला पण? खेळ तर बॉलचा आहे.

ग्राउंड बघितलंत का? १३५ ते १८५ मीटर लांब आणि ११० ते १५५ मीटर रुंद, एवढं ओव्हल, म्हणजे अख्खं क्रिकेटचं मैदान, आणि त्यात एका बाजूचे १८ जण, ऑफसाइड नाही, कोणीही कुठेही जाऊ शकतो. एएफएलमधला मिडफिल्डर एका मॅचमध्ये १२ ते १५ किलोमीटर पळतो. पण सरळ नाही हो. चालायचं, जॉग करायचं, एकदम जीव तोडून २० मीटर, थांबून वळायचं, उडी मारून मार्क घ्यायचा (किक केलेला बॉल हवेतच झेलायचा), एका पायावर उतरायचं, कोणीतरी येऊन आपटणार, उठायचं आणि परत पळायचं. म्हणून नुसतं तळ्याभोवती पाच किलोमीटर जॉगिंग करून "पोरगं फिट झालं" असं होत नाही. ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना हे लगेच कळेल, आपणही कधी सरळ पळालो नाही, पळणं कमी आणि ब्रेक मारणं जास्त.

मुलगा ११ वर्षांचा आहे, जिम लावू का? आजी म्हणते वजन उचललं की उंची खुंटते.

आजीला सांगा खुंटत नाही. ही समजूत इथल्या गोऱ्या आजोबांचीही आहे, त्यामुळे आपण एकटे नाही. नीट शिकवणारा माणूस समोर असेल आणि मूल ऐकण्याच्या वयाचं असेल तर ताकदीचे व्यायाम मुलांना चालतात, उलट दुखापती कमी होतात. अपघात होतात ते गॅरेजमध्ये भावाचा बारबेल उचलून "बघ किती उचलतो" करताना.

अकराव्या वर्षी जिमचे पैसे मात्र नका घालवू. स्क्वॉट, लंज, पुशअप, लटकून वर ओढणं, एका पायावर उभं राहून पुढे वाकणं, पिंडऱ्यांसाठी टाचा उचलणं, हे घरीच होतं. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं, प्रत्येकी दोन सेट, आठ-दहा वेळा (एक वेळ म्हणजे एक रिप). नियम एकच, शेवटच्या रिपला अजून दोन-तीन मारता आले असते असं वाटलं पाहिजे. थरथरत, चेहरा लाल करून काढायचा रिप या वयात नकोच. चौदा-पंधराला, हे सगळं स्वच्छ जमायला लागल्यावर, डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, मग हळूहळू बार. माझ्या टीममधली निम्मी पोरं पहिल्या दिवशी साधा स्क्वॉट करताना टाचा उचलतात. आपले आजोबा उकिडवे बसून अख्खा पेपर वाचायचे, तेव्हा लाज वाटून घ्या जरा.

माझा पोरगा टीममध्ये सगळ्यात छोटा दिसतो, मागे पडेल का?

वयोगट १ जानेवारीने ठरतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, जवळजवळ वर्षाचा फरक, आणि वर वयात येणं प्रत्येकाचं वेगळं. सर्वात झपाट्याने उंची वाढते ती मुलींची बाराच्या आसपास आणि मुलांची चौदाच्या आसपास, पण त्यात दोन वर्ष इकडेतिकडे सहज होतं. त्यामुळे तेरा वर्षांच्या टीममध्ये एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसरा अजून तिसरीतला वाटतो. मिशीवाला सगळ्यांना ढकलत जातो आणि आईबाबांना वाटतं हाच पुढे जाणार. ड्राफ्ट, म्हणजे एएफएल क्लब नवे खेळाडू निवडतात तो, अठराव्या वर्षी असतो बाबांनो. तोवर सगळ्यांना मिशा येतात.

अचानक दोन महिन्यांत पँट आखूड झाली आणि आता पळताना वेंधळा दिसतोय, काय झालं?

काही झालं नाही, वाढतोय. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि डोक्यातला अंदाज मागून येतो, त्यामुळे पाय कुठे पडतोय तेच त्याला कळत नसतं. पण हाच काळ जपायचा. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी पेन्सिलने उंचीची खूण करतो, खुणांमधलं अंतर एकदम वाढलं की उड्या आणि स्प्रिंट थोडे कमी, तोल सांभाळायचे आणि हळू ताकदीचे व्यायाम जास्त. कोचला सांगा, तो ऐकतो, त्याच्याही पोराचं झालेलं असतं.

टाच दुखते / गुडघ्याखाली टेंगूळ आलंय. थांबवायचं का?

हा माझ्या चुकीचा किस्सा. पोरगा ११ वर्षांचा असताना डिसेंबर अख्खा सोफ्यावर गेला, आणि मग मी, खो-खोवाली बाई, जोशात येऊन जानेवारीत त्याला रोज पळायला नेलं, तेही फुटपाथवर. तिसऱ्या आठवड्यात सकाळी उठून टाच टेकवेना, चवड्यांवर चालत बाथरूमला जायचा. फिजिओ म्हणाली सीव्हर्स, टाचेच्या हाडाचा जो भाग अजून वाढतोय तिथे पिंडरीचा स्नायू ओढून ओढून दुखायला लागतं. गुडघ्याखाली तसंच होतं त्याला ऑस्गूड-श्लॅटर म्हणतात, तिथे ते टेंगूळ येतं. दोन्ही वाढीच्या वयातली, दोन्ही कालांतराने जातात, कायमचं नुकसान सहसा होत नाही. पूर्ण बंद करायची गरज बहुतेक वेळा नसते, भार कमी करायचा. मी स्वतःपुरता हिशोब असा ठेवलाय: दहापैकी तीनपर्यंत दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल तर चालू द्या, लंगडत असेल तर घरी. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, किंवा एकाच बाजूची कंबर सतत दुखणं असेल तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे.

तेव्हा ती फिजिओ जे म्हणाली ते मला अजून पुरतं. पळण्याने टाच गेली नाही, शून्यावरून एकदम रोजवर उडी मारली त्याने गेली. खालचे निम्मे प्रश्न त्याच एका गोष्टीचे आहेत खरंतर.

हॅमस्ट्रिंग हॅमस्ट्रिंग सगळे म्हणतात, ते काय प्रकरण आहे?

मांडीच्या मागचा स्नायू. एएफएलमध्ये वर्षानुवर्षं सर्वात जास्त खेळाडू ह्यानेच बाहेर बसतात. जोरात पळताना पाय पुढे जाऊन जमिनीवर टेकायच्या जरा आधी हा स्नायू ताणलेला असतो आणि त्याच वेळी ब्रेक पण लावत असतो, तिथे फाटतो.

उपाय दोन. एक नॉर्डिक: गुडघे टेकून उभं राहायचं, मागून मित्राने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे कलत जायचं आणि सावरेनासं झालं की हात टेकायचे. ह्याच्यावर भरपूर अभ्यास झालेत, नियमित केलं तर ह्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी होतात. पहिल्या वेळी तीन-चारच करा, पाचच्या वर गेलात तर दुसऱ्या दिवशी पोरगं कमोडवर बसताना तुम्हाला शिव्या घालेल.

दुसरा उपाय लोकांना पटत नाही: खरोखर जोरात पळणं. पालक म्हणतात लागेल म्हणून जपून पळ. मग अख्खा प्रीसीझन तो पाऊण वेगाने पळतो आणि पहिल्या मॅचला पहिल्यांदा पूर्ण वेग काढतो, आणि तेव्हाच टचकन होतं. आठवड्यातून एकदा-दोनदा, नीट गरम झाल्यावर, ताजे पाय असताना, २० ते ३० मीटर जवळजवळ पूर्ण वेगाने, चार-सहा वेळा, मध्ये भरपूर आराम. ट्रेनिंगच्या शेवटी दमल्यावर नाही.

जांघेसाठी अजून एक आहे, कोपनहेगन नावाचा, कुशीवर आडवं होऊन वरचा पाय बाकावर ठेवायचा आणि कंबर उचलायची. पोरं फार कुरकुरतात. करून घ्या.

टाइम ट्रायल म्हणजे परीक्षा का? किती वेळ चांगला?

साधारण २ किलोमीटर, ट्रॅकवर पाच चकरा. ड्राफ्टच्या चाचण्यांमध्येही हीच असते, सोबत २० मीटर स्प्रिंट, वळत पळायची चाचणी आणि उड्या. ड्राफ्टच्या वयाचा मुलगा ६ मिनिटांच्या आत आला तर तो चांगलाच पळणारा. तुमच्या तेरा वर्षांच्याला ९ लागले तर लागू देत. जानेवारीत ९ आणि मार्चमध्ये सव्वाआठ, हे बघायचं. पहिली चक्कर सगळे चित्त्यासारखे पळतात आणि तिसऱ्या चकरेत रडकुंडीला येतात, त्यामुळे एकच सांगा, पहिली चक्कर लाज वाटेल इतकी हळू घे.

घरी किकचा सराव करतो, रोज दोनशे. चांगलंय ना?

सीझनमध्ये कदाचित, ब्रेकनंतर पहिल्या आठवड्यात नाही. किक म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा पाय पूर्ण ताकदीने फेकणं, मांडीचा पुढचा भाग आणि जांघ ह्यांच्यावर तो भारच आहे, पण पळण्याचा हिशोब ठेवणारे पालक किकचा ठेवतच नाहीत. आम्ही तीस-चाळीस छोट्या ड्रॉप पंटनी (हातातून बॉल सोडून मारायची फुटीतली नेहमीची किक) सुरू करतो, दर आठवड्याला थोड्या वाढवतो, लांब किक शेवटी. दोन्ही पायांनी. उजव्या पायाच्या पोरांना डाव्याने मारायला सांगितलं की पहिले दोन आठवडे बॉल शेजाऱ्याच्या अंगणात जातो, त्याची तयारी ठेवा.

टॅकलची भीती वाटते (मला, पोराला नाही).

मलाही वाटायची. पण टॅकल पण शिकायचीच गोष्ट आहे आणि ती प्रीसीझनमध्येच नीट शिकवली जाते, आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग हळू पळत. डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला, कधीच त्याच्या पुढे नाही, पावलं जवळ, हात घट्ट. पकडायचं खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. ज्यांनी कबड्डी खेळलीय त्यांनी पोरांना घरी गवतावर पडायला शिकवा, हात लांब टेकून न पडता गोल लोळत पडायचं, हे आपल्याला लहानपणापासून येतं आणि इकडच्या पोरांना शिकवावं लागतं. मानेचा व्यायामही हलका करून घेतो आम्ही, हाताने कपाळ दाबायचं आणि मान हलू द्यायची नाही.

डोक्याला लागलं तर?

लगेच बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही, पोरगं कितीही "मी ठीक आहे" म्हणालं तरी. २०२४ पासून कम्युनिटी फुटीत कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालं की मॅचला परत यायला किमान २१ दिवस, आणि अंगाला अंग लागेल असं ट्रेनिंग सुरू करायच्या आधी १४ दिवस काहीही लक्षण नसलेले हवेत, वर डॉक्टरचा होकार. प्रॅक्टिस मॅचमध्ये झालं तरी हेच. फायनल आहे म्हणून दिवस कमी होत नाहीत, माझ्याशी वाद घालू नका.

मुलीसाठी काही वेगळं?

व्यायाम तेच, पण एक गोष्ट जास्त मनावर घ्यायची: गुडघा. एएफएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची एएफएल, २०१७ ला सुरू झाली आणि तेव्हापासून बायकांच्या खेळात एसीएल (गुडघ्याच्या आतला महत्त्वाचा लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त दिसलंय. बहुतेक वेळा कोणी धडकलेलंही नसतं, वळताना किंवा उडीवरून उतरताना गुडघा आत कोसळतो आणि गेलं. त्याच्या कारणांवर लोक भांडत असतात, शरीराची ठेवण, हार्मोन, पण मला सर्वात पटणारं कारण म्हणजे मुलींना उशिरा आणि कमी ट्रेनिंग मिळतं. मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून उड्या मारत असतो आणि मुलगी तेराव्या वर्षी पहिल्यांदा टीममध्ये येते. त्यासाठी एएफएलनेच प्रेप टू प्ले नावाचा वॉर्मअप काढलाय, उतरणं, वळणं, टॅकल, ताकद सगळं त्यात आहे, क्लबला विचारा करतात का. घरी आरशासमोर एका पायावर हळू खाली बसायला लावा, गुडघा अंगठ्याच्या आत जातोय का बघा. माझ्या लेकीचा डावा जायचा, तीन महिने लागले.

पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर "ट्रेनिंगमुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका, बहुतेकदा खाणं कमी पडत असतं, डॉक्टरला दाखवा.

आम्ही शाकाहारी आहोत, प्रोटीन कसं होणार?

होतं. इथल्या शिफारशीप्रमाणे १४ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ६५ ग्रॅम, मुलीला ४५ ग्रॅम प्रोटीन, खेळणाऱ्याला थोडं जास्त. ग्लासभर दुधात ८-९, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७. अडचण ही की आपल्या ताटात भाताचा डोंगर आणि वरणाचं तळं, ते उलटं करा. मटकीची उसळ, छोले, दही, खात असाल तर अंडी. ट्रेनिंगला जायच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा मस्त, आल्यावर दूध-केळं आणि मग जेवण.

मला प्रोटीनपेक्षा लोहाची काळजी जास्त वाटते, मुलीला दिवसाला १५ मिलिग्रॅम लागतं, मुलाला ११. पोह्यावर लिंबू पिळतो ते उगाच नाही, त्याने लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. सतत थकवा असेल तर रक्त तपासा, सोबत बी-१२ आणि डी पण.

मित्राने पावडर सांगितलीय, प्री-वर्कआउट पण.

प्री-वर्कआउट अजिबात नाही, ते म्हणजे डब्यात भरलेलं कॅफिन. पावडर लागत नाही, घरात दूध आहे. आणि ह्या गावाला सप्लिमेंटचा मार बसलेला आहे: एसेंडन ह्या एएफएल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर जानेवारी २०१६ मध्ये दोन वर्षांची बंदी आली, क्लबच्या सप्लिमेंट कार्यक्रमामुळे, आणि जे खेळत होते त्यांचा २०१६चा अख्खा सीझन गेला. मोठमोठे डॉक्टर हाताशी असलेल्या क्लबमध्ये हे होतं तर मॉलमधल्या डब्यावर काय भरवसा.

उन्हाळ्यात क्रिकेटपण खेळतो, दोन्ही जमेल?

जमतं, आणि मला आवडतंही. फक्त सगळं एका कागदावर लिहा. मंगळवार क्रिकेट नेट, बुधवार फुटी, गुरुवार क्रिकेट, शुक्रवार शाळेचं अ‍ॅथलेटिक्स, शनिवार मॅच. प्रत्येक कोच म्हणतो मी तर एक-दोनच दिवस घेतो. फास्ट बोलर असेल तर विशेष जपा, कंबरेवर बोलिंगचा भार वेगळाच असतो. आठवड्यात एक दिवस पूर्ण मोकळा पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि झोप, तेरा वर्षांपर्यंत ९ ते ११ तास, त्यापुढे ८ ते १०. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा.

डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला जातोय. सगळं बोंबलणार का?

हा प्रश्न फक्त आपल्याच लोकांचा! इथल्या पोरांचा ब्रेक तीन आठवड्यांचा आणि तो बीचवर पळापळीत जातो, आपल्या पोरांचा ब्रेक म्हणजे लग्न, श्रीखंड आणि मावशीचा सोफा. बोंबलणार नाही, पण शून्य होऊ द्यायचं नाही एवढंच. आठवड्यात तीन वेळा, अर्धा तास, बास. पुण्यात टेकड्या आहेत, वेताळ टेकडीवर सकाळी जा, चढावर १०-१५ सेकंद जोरात आणि चालत खाली, असं आठ वेळा. चढावर वेग आपोआप कमी राहतो, त्यामुळे हॅमस्ट्रिंगला सोपं आणि दम मात्र पूर्ण निघतो. आम्ही साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर जातो, माझा भाऊ अर्ध्यात बसतो.

सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका चालतात का? हो, मस्त चालतात, आजोबांना मोजायला बसवा. पण त्यात जोरात पळणं नाही आणि एका पायावरचं काम नाही, तेवढं वेगळं करा. बॉल हवा काढून बॅगेत न्या. पोट बिघडलं तर दोन-तीन दिवस काहीही करू नका. परत आल्यावर पहिला आठवडा निम्माच, हे कोचला ईमेल करून आधीच कळवा, आणि साडेपाच तासांचा फरक अंगातून जायला चार-पाच दिवस द्या.

दुसरं ऊन. पुण्याच्या थंडीतून येऊन थेट मेलबर्नच्या जानेवारीत उतरता, जिथे पारा चाळिशीच्या वर जाऊ शकतो, ७ फेब्रुवारी २००९ ला तर ४६.४ होता. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. फार तापलं की क्लब ट्रेनिंग रद्द करतात किंवा उशिरा ठेवतात, केलं नाही तरी तुम्ही पोराला घरी ठेवू शकता. चक्कर, उलटी, पोरगं असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत घ्या, पाणी ओता, ०००ला फोन.

पहिल्याच दिवशी कोचने उलटी होईपर्यंत पळवलं. काय बोलू?

जुन्या वळणाचे असतात काही. उलटी म्हणजे फिटनेस नाही. भांडू नका, ट्रेनिंग संपल्यावर बाजूला घेऊन सांगा की पोरगं सहा आठवड्यांनी परत आलंय, हळूहळू वाढवू का. बहुतेक कोच हे दुसऱ्या कोणाचे तरी बाबाच असतात, फुकट काम करणारे, चांगलं बोललं की ऐकतात. आणि मग ते तुम्हालाच विचारतील वॉर्मअप घ्याल का. माझं असंच झालं.

पहिल्या दिवशी काय न्यायचं?

उन्हाने जमीन दगडासारखी झालेली असते, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे साधे रनिंगचे बूट, स्टडवाले नंतर. माउथगार्ड, टोपी, सनस्क्रीन आणि दोन बाटल्या पाणी. बाटलीवर नाव लिहा, मार्चपर्यंत आमच्या घरी दुसऱ्यांच्या सात जमतात.